एसीचा गॅस संपत नाही, तो गळतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप ठरलेला असतो : ‘एसीत गॅस भरून देणारा कोणी चांगला माणूस आहे का?’ लगेच दोन-चार फोन नंबर येतात, दर विचारले जातात आणि आठवडाभरात चार-पाच घरांत सिलिंडर घेऊन माणूस येऊन जातो. पुढच्या मार्चमध्ये त्यातल्याच काही घरांतून तोच निरोप पुन्हा येतो. स्वयंपाकाचा सिलिंडर संपला की नंबर लावायचा, तसाच एसीचा गॅसही वर्षाकाठी संपतो आणि तो भरावाच लागतो, ही समजूत आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नच विचारत नाही. ही समजूत साफ चुकीची आहे आणि ती आपल्याला फार महागात पडते आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. सासूबाईंचे वय आणि त्यांना सोसेनासा झालेला उन्हाळा पाहून २०१६ मध्ये आम्ही त्यांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला. पहिली पाच वर्षे फिल्टर धुणे आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घेणे याखेरीज त्याला काहीही लागले नाही. २०२१ मध्ये घराला रंग दिला, तेव्हा आतले युनिट उतरवून पुन्हा बसवले. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, यंदा खोली गार होत नाही.” आलेल्या मेकॅनिकने दाब मोजणारे गेज लावले, ‘गॅस कमी झालाय’ म्हणून सांगितले आणि वीस मिनिटांत गॅस भरून अडीच हजार रुपये घेतले. २०२३ मध्ये दुसऱ्याने अठ्ठावीसशे घेतले. २०२४ मध्ये तिसऱ्याने बत्तीसशे घेतले. तिघांपैकी एकानेही गॅस कुठे गेला ते पाहिले नाही आणि मीही विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते. ज्या तत्त्वावर हे यंत्र चालते ते मी वर्गात फळ्यावर लिहीत आले होते, आणि तरीही घरच्या भिंतीवरच्या यंत्राच्या बाबतीत मी तीन वर्षे लोक म्हणतात तेच खरे मानले.

ते तत्त्व अवघड नाही. माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावल्यावर गार वाटते त्याचे कारणही तेच आहे. द्रवाचा वायू होताना त्याला लागणाऱ्या या उष्णतेला शालेय पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हणतात. एसीतले शीतकद्रव्य, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतो ते, नेमके हेच काम करते. फरक इतकाच की माठातले पाणी हवेत निघून जाते आणि माठ पुन्हा भरावा लागतो, तर एसीतले द्रव्य तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये फिरत राहते. आतल्या युनिटमध्ये त्याचा वायू होतो आणि ते खोलीतली उष्णता घेते, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून बाहेरच्या युनिटमध्ये ढकलतो, तिथे ते उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते आणि एका अरुंद वाटेतून दाब उतरवून परत आत येते. या साऱ्या फेऱ्यात ते जळत नाही, झिजत नाही आणि खर्च होत नाही. गाडीतल्या पेट्रोलशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. तुलना करायचीच तर ती शरीरातल्या रक्ताशी करावी लागेल. जखम झाल्याशिवाय रक्त कमी होत नाही, तसेच कुठेतरी गळती असल्याशिवाय एसीतला गॅस कमी होत नाही.

हे द्रव्य साधेसुधे नसते. आमच्या एसीत आर-४१०ए नावाचे मिश्रण आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला ते उणे ५१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे प्रेशर कुकर वापरणाऱ्या प्रत्येक घराला अनुभवाने माहीत आहे, आणि एसीतही तोच नियम कामाला येतो. आतल्या युनिटमध्ये साधारण १२० ते १३० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब राखला जातो, त्यामुळे द्रव्य शून्याच्या थोडे वर उकळते आणि नळी गार राहते, पण गोठत नाही. गॅस कमी झाला की हा दाब उतरतो, उकळण्याचे तापमान शून्याच्या खाली जाते आणि हवेतले बाष्प नळ्यांवर बर्फ होऊन बसते. म्हणूनच एसी कमी थंड करतो आणि त्याच वेळी त्याच्यावर बर्फही धरतो, ही वरवर उलटी वाटणारी गोष्ट घडते. याहून गंभीर भाग दिसत नाही. कॉम्प्रेसरची मोटर त्यातून वाहणाऱ्या वायूनेच गार राहत असते. तो वायू कमी पडला की मोटर तापत जाते, आणि खोली ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही म्हणून ती अधिक जोराने आणि अधिक वेळ चालत राहते. म्हणजे वीजबिलही वाढते आणि एसीतला सर्वांत महागडा भागही आतून खराब होत जातो.

मात्र खोली गार होत नाही याचा अर्थ दर वेळी गॅस कमी झाला असा होत नाही, आणि फसगतीची सुरुवात इथूनच होते. फिल्टरवर धुळीचा थर बसला, आतली कॉइल, म्हणजे नळ्यांची जाळी, मळली, पंख्याच्या मोटरला जोर देणारा कपॅसिटर अशक्त झाला, तरी लक्षणे जवळजवळ हीच दिसतात. फिल्टर बुजल्यामुळेही बर्फ धरतो. आपल्या पुण्यात आणखी एक कारण फार वेळा सापडते आणि ते म्हणजे कबुतरे. बाहेरच्या युनिटच्या मागे आणि खाली ती काड्या रचतात, पिसे आणि विष्ठा कॉइलमध्ये अडकते आणि उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. कित्येक घरांत ड्राय बाल्कनीला जाळी लावून आणि समोर खोकी रचून बाहेरच्या युनिटची पुरती कोंडी केलेली असते. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला असताना असे कोंडलेले युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून घेते. अशा एसीत गॅस पुरेसा असतानाही आणखी भरला, तर दाब आणखी चढतो, वीज अधिक खेचली जाते आणि वायूऐवजी द्रवच कॉम्प्रेसरमध्ये शिरण्याचा धोका निर्माण होतो. गॅस कमी असणे जितके वाईट, तितकेच तो जास्त असणेही वाईट आहे. म्हणूनच गेजला हात लावण्याच्या आधी फिल्टर, कॉइल, पंखा आणि बाहेरच्या युनिटभोवतालची मोकळी जागा पाहिली गेली पाहिजे.

आता २०२५ च्या एप्रिलमधला प्रसंग सांगते. चौथ्यांदा तीच तक्रार घेऊन मी फोन केला, तेव्हा योगायोगाने एक तरुण मेकॅनिक आला. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केलेला होता. गेल्या तीन वर्षांचा हिशेब ऐकून तो एवढेच म्हणाला, “काकू, गॅस संपत नसतो, तो गळतो. आधी कुठून गळतोय ते बघू.” त्याने आतल्या युनिटच्या मागची पाइपची टेप सोडली. जिथे तांब्याची नळी पितळी नटने जोडलेली असते, त्या फ्लेअर नटभोवती बोटभर रुंदीचा काळपट, तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटलेली होती. कॉम्प्रेसरमधले तेल थोड्या प्रमाणात गॅसबरोबर फिरत असते, त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथे तेलाची खूण राहते, हे त्याने मला समजावून सांगितले. मग त्याने वाटीत साबणाचे दाट पाणी केले आणि ब्रशने त्या नटवर लावले. पाच-सहा सेकंद काही झाले नाही. नंतर नटच्या खालच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, तो हरभऱ्याएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी पुन्हा दुसरा आला. साडेआठ हजार रुपये आणि तीन उन्हाळे त्या एका जागेतून निघून गेले होते. रंगाच्या वेळी युनिट परत बसवताना नळीचे तोंड नीट फुलवलेले नव्हते आणि त्याच्या कडेला बारीक चीर होती.

त्यानंतर त्याने जे केले ते मी मुद्दाम तपशिलाने लिहिते आहे, कारण योग्य काम कसे असते हे पाहिल्याशिवाय अयोग्य काम ओळखू येत नाही. यंत्रात उरलेला गॅस त्याने हवेत न सोडता एका लहान यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि तराजूवर ठेवला. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर १.०५ किलो गॅस असायला हवा असे छापलेले आहे. निघाला ६२० ग्रॅम. म्हणजे आदल्या वर्षी पुरता भरला गेला असे धरले तरी वर्षभरात ४३० ग्रॅम हवेत गेला होता. नळीचे तोंड कापून, आतली कोर साफ करून त्याने ते नव्याने फुलवले आणि नट मोजक्या ताकदीने आवळला. मग नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब तपासला आणि अर्धा तास काटा हलतो का ते पाहिले. या कामासाठी कोरडा नायट्रोजनच हवा. ऑक्सिजन कधीही वापरता कामा नये, कारण दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळाला की स्फोट होऊ शकतो. काटा जागचा हलला नाही, तेव्हा त्याने नायट्रोजन सोडून देऊन व्हॅक्यूम पंप लावला आणि पाऊण तास तो चालू ठेवला. नळ्यांमध्ये राहिलेली हवा आणि ओल काढण्यासाठी हे आवश्यक असते. ओल राहिली तर ती तेलात मुरते, कालांतराने आम्ल तयार होते आणि मोटरच्या तारांवरचे आवरण खाऊ लागते. शेवटी सिलिंडर तराजूवर ठेवून त्याने बरोबर १.०५ किलो गॅस आत सोडला. आर-४१०ए हे दोन द्रव्यांचे मिश्रण असल्याने ते द्रवरूपातच भरावे लागते, म्हणून सिलिंडर उलटा धरला होता. सगळ्याला साडेतीन तास लागले. बिल ५,४०० रुपयांचे झाले आणि ते मी एका शब्दाचीही घासाघीस न करता दिले.

मेकॅनिक मंडळींच्या बोलण्यात ‘दाबावर गॅस भरणे’ आणि ‘वजनावर गॅस भरणे’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. वाचकांनी या पत्रातले आणखी काही लक्षात ठेवले नाही तरी हा फरक लक्षात ठेवावा. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत अनुभवी माणूस दाब आणि करंट पाहून बराच जवळचा अंदाज बांधू शकत असे. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेगच सतत बदलत असतो, त्यामुळे त्या क्षणीच्या दाबावरून आत किती गॅस आहे हे सांगता येत नाही. त्याला एकच खात्रीचा मार्ग आहे : असलेला गॅस काढून घ्यायचा, निर्वात करायचे आणि पट्टीवर छापलेल्या वजनाइतका मोजून भरायचा. तराजू न आणता गॅस भरायला आलेल्या माणसाला परत पाठवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

इथे मेकॅनिकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. वर्षातले तीन-चार महिने त्यांचा हंगाम चालतो. दिवसाला सहा-सात घरे गाठावी लागतात. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर अरुंद कठड्यावर उभे राहून ते काम करतात आणि बहुतेकांच्या कमरेला पट्टाही नसतो. गळती शोधायला दोन तास लागतात आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असे आपणच म्हणतो. गॅस भरला की मात्र वीस मिनिटांत पैसे मिळतात आणि ग्राहकही त्याच दिवशी खूश होतो. आपण ज्या कामाचे पैसे देतो तेच काम आपल्याला मिळते आहे. गळती शोधण्याचा आकार वेगळा लावला जावा आणि आपण तो बिनतक्रार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शहरात एसीच्या गळतीला आणखी एक खास कारण आहे आणि ते म्हणजे वारंवार बदलणारी घरे. हिंजवडी, खराडी, बाणेर या भागांत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी तरुण मंडळी दर एक-दोन वर्षांनी घर बदलतात आणि एसी त्यांच्याबरोबर फिरतो. प्रत्येक वेळी नट उघडतात, नळी वाकवली जाते आणि गळतीला नवी संधी मिळते. एसी उतरवताना द्रवाच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद करून काही वेळ कॉम्प्रेसर चालवला, की सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो आणि मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करता येतो. याला पंप डाउन म्हणतात. हे नीट केले तर स्थलांतरात जवळजवळ काहीच गॅस वाया जात नाही. नव्या घरात नळी कंपनीने ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त लागली, तरच मीटरप्रमाणे थोडा जादा गॅस घालावा लागतो. गळती नसतानाही गॅस भरावा लागण्याचा हा एक खरा प्रसंग आहे. पण अनेकदा बसवताना व्हॅक्यूम पंप आणलेलाच नसतो आणि युनिटमधलाच थोडा गॅस सोडून नळ्यांतली हवा हुसकली जाते. असे करणाऱ्याला तिथेच थांबवावे. ओढ्या-नाल्यांच्या काठी राहणाऱ्यांची अडचण निराळी आहे. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडतो आणि हळूहळू कुरतडतो, त्यामुळे तिथे कॉइललाच सुईच्या टोकाएवढी भोके पडू शकतात आणि मग कॉइल बदलण्यावाचून पर्याय उरत नाही.

आतापर्यंत मी खिशाविषयी लिहिले. मला त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. आर-४१०एचा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवतो. आमच्या एसीतून दरवर्षी निदान चारशे ग्रॅम गॅस गेला असे धरले, तरी चार वर्षांत १.६ किलो होतो, म्हणजे सुमारे ३,३४० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर धावणाऱ्या गाडीने पुणे ते मुंबई जाऊन-येऊन सत्तरहून अधिक फेऱ्या केल्या असत्या, तर जेवढे प्रदूषण झाले असते तेवढे माझ्या सासूबाईंच्या खोलीतल्या मोहरीएवढ्या बुडबुड्यातून झाले. आम्ही विजेचे दिवे आठवणीने बंद करतो आणि कापडी पिशवी घेऊन मंडईत जातो. हा आकडा मी कागदावर मांडला, त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

जुन्या एसींमध्ये आर-२२ असतो आणि त्याची गोष्ट याहून जुनी आहे. शीतकद्रव्यांतला क्लोरीन ओझोनच्या थराला खातो, हा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दिला होता. त्यांना आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र लक्षात आले आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आर-२२ ओझोनला त्याआधीच्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंपेक्षा कमी अपाय करतो, तरी अपाय करतोच, शिवाय तो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे १,८१० पट उष्णता अडकवतो. भारताने २०३०पर्यंत तो जवळजवळ पूर्ण हद्दपार करायचा आहे. त्याची जागा घेणारे आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला हात लावत नाहीत, पण हवामानाला लावतात, म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्या करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली आणि अशा वायूंच्या वापरात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात करत २०४७ पर्यंत ही कपात ८५ टक्क्यांवर नेण्याचे मान्य केले. आर-३२चा उष्णता अडकवण्याचा हा आकडा ६७५ आहे, म्हणजे आर-४१०एच्या साधारण एक तृतीयांश. काही एसींत वापरला जाणारा आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, जेमतेम तीनच्या घरात आहे. नवा एसी घेताना आपण वीजबचतीचे तारे मोजतो, तसा हा गॅसचा आकडाही पाहावा.

मात्र या चांगल्या पर्यायांना एक अट आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन तर पेट घेणाराच आहे. त्यामुळे पट्टीवर जो गॅस लिहिला असेल तोच भरला पाहिजे. ‘हा स्वस्त आहे, चालून जातो’ म्हणत जुन्या एसीत भलताच गॅस भरण्याचे प्रकार घडतात. त्या यंत्राचे तेल, विजेची जोडणी आणि कॉम्प्रेसर त्या गॅससाठी बनवलेलेच नसतात. घरात लहान मुले आणि वृद्ध झोपलेले असताना असा प्रयोग कोणीही आपल्या भिंतीवर होऊ देऊ नये.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याच पार्किंगमध्ये पाहिलेले एक दृश्य मनातून जात नाही. कोणीतरी जुना एसी भंगारात दिला होता. भंगारवाल्याने पक्कड घेतली आणि तांब्याची नळी सरळ चिमटून तोडली. फस्सऽऽ असा लांबलचक आवाज झाला, पांढुरकी वाफ पसरली, शेजारी खेळणारी मुले कुतूहलाने जवळ आली आणि मी त्यांना मागे ओढले. पट्टीवर आर-२२ लिहिलेले होते. अर्ध्या मिनिटात सगळे संपले. तांब्याचे पैसे त्याला मिळणार होते, आत उरलेल्या गॅसचे मोल मात्र त्या व्यवहारात कुठेच नव्हते. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत एसीचा समावेश आहे, तरी आपल्या गल्लीबोळांत एसी आजही पक्कडीनेच मोडला जातो. सोसायट्यांनी निदान एवढा ठराव करावा की आवारात एसी फोडला जाणार नाही आणि आधी गॅस काढून घेतल्याशिवाय तो भंगारात जाणार नाही.

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. शीतकद्रव्यांची मागणी २०३७-३८ पर्यंत २५ ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे आणि एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट त्यात होते. माझ्या घरी आलेल्या चौघांपैकी प्रमाणपत्र दाखवणारा एकच होता, आणि ते दाखवा असे मीही तोपर्यंत कुणाला म्हटले नव्हते. ग्राहकांनी ते मागायला सुरुवात केली तर प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना त्याचा मोबदला मिळेल. बिलावर गॅसचा प्रकार, भरलेले वजन आणि गळतीची जागा या तीन गोष्टी लिहून मागाव्यात. ‘गॅस चार्जिंग’ एवढेच दोन शब्द लिहिलेले बिल स्वीकारू नये. त्याच हंगामात पुन्हा गॅस कमी झाला, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तिच्याविरुद्ध दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण दाद मागायला कागद लागतो, आणि माझ्याकडे पहिल्या तीन वर्षांचा एकही कागद नव्हता.

आपल्याला एक विनंती आहे. दर उन्हाळ्यात आपल्या पुरवणीत एसीची निवड, विजेची बचत यांवर मजकूर येतो. त्यात या वर्षी बाहेरच्या युनिटच्या पट्टीचे एक मोठे छायाचित्र छापून, गॅसचा प्रकार आणि वजन कुठे लिहिलेले असते ते बाणाने दाखवावे. आमच्या गटावर मी माझ्या एसीच्या पट्टीचा फोटो टाकला, तेव्हा अकरा जणांनी ‘हे आमच्याही एसीवर असतं का?’ असे विचारले. त्यातल्या दोघांनी त्या आठवड्यात ठरवलेले गॅस भरणे रद्द केले. एकाच्या एसीचा फिल्टर बुजलेला निघाला आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतराचे घरटे सापडले. आमच्या एसीला यंदा गॅस लागलेला नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे